ज्योचं लग्न कोणी ठरवलं? ‘लिटल विमेन’च्या रूपांतराचं एक प्रकरण

आईकडे शान्ता शेळक्यांच्या ‘चौघीजणी’ची, म्हणजे मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार मार्च बहिणींच्या ‘लिटल विमेन’च्या मराठी अनुवादाची, एक जुनी प्रत आहे. कणा केव्हाच सुटलाय. पहिली अर्धी पानं हाताळून हाताळून मऊ पडलीत, नाताळच्या नाश्त्याच्या प्रकरणावर तेलाचा डाग आहे, ज्यो केस विकून येते त्या पानाचा कोपरा दुमडून दुमडून तुटून गेलाय. शेवटची शंभरेक पानं मात्र जवळपास कोरी. लहानपणी मला वाटायचं, बाइंडिंगवाल्याने ती दुसऱ्या कुठल्यातरी प्रतीतून आणून चिकटवली असावीत. तसं काही नव्हतं. आई आणि माझ्या दोन्ही मावश्या बेथ जाते तिथपर्यंत वाचायच्या, रडायच्या आणि पुन्हा पहिल्या पानाशी यायच्या. ज्योने शेजारच्या लॉरीला लग्नाला नाही म्हटलं याचा राग होताच. वर तिने त्या दाढीवाल्या, अघळपघळ प्रोफेसरशी लग्न केलं. ते दुसऱ्यांदा कोण वाचणार?

लुइझा मे अल्कॉटच्या या कादंबरीला हात घालणाऱ्या प्रत्येक पटकथाकाराची अडचण या एका प्रतीत दिसते. लोकांचा जीव पुस्तकाच्या पहिल्या अर्ध्यात असतो आणि मुली मोठ्या होतात दुसऱ्या अर्ध्यात. मोठं होण्याची गोष्ट सांगायची तर दुसरा अर्धा टाळता येत नाही. ग्रेटा गर्विगने २०१९ च्या चित्रपटात या अडचणीवर जो तोडगा काढला, तो पटकथा लिहू पाहणाऱ्यांनी जवळून बघावा असा आहे. सगळा निर्दोष आहे असं नाही. त्याची किंमतही पडद्यावर दिसते.

मुळात हे एक पुस्तक नव्हेच. बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेचे टॉमस नाइल्स यांनी अल्कॉटकडे मुलींसाठी एक गोष्ट मागितली. तिला त्यात रस नव्हता. आपल्या बहिणी सोडल्या तर मुली आपल्याला फारशा ठाऊकही नाहीत, असं तिने डायरीत लिहून ठेवलंय. पण घर तिच्या पैशांवर चालत होतं. वडील ब्रॉन्सन अल्कॉट मोठे विचारवंत, आणि कमाईच्या नावाने शंख. १८६८ च्या मे महिन्यात ती बसली, जुलैत संपवून मोकळी झाली. पहिला भाग त्याच वर्षी शरदात आला आणि बघता बघता संपला. त्यात २३ प्रकरणं होती, नाताळपासून पुढच्या नाताळपर्यंतची आणि त्यानंतर मेगचं लग्न ठरेपर्यंतची. ज्यो तेव्हा पंधरा-सोळाची.

मग पत्रं येऊ लागली. सगळ्या वाचक मुलींचा एकच प्रश्न: कोणाचं लग्न कोणाशी होणार? अल्कॉट वैतागली. बाईच्या आयुष्याचं जणू हे एकच ध्येय असल्यासारखं या विचारतात, आणि कोणाला खूश करण्यासाठी मी ज्योला लॉरीच्या गळ्यात बांधणार नाही, असं तिने नोव्हेंबर १८६८ मध्ये डायरीत नोंदवलं. दुसरा भाग, म्हणजे आणखी २४ प्रकरणं, एप्रिल १८६९ मध्ये बाहेर पडला. त्यात ज्योचं लग्न झालं. एका मैत्रिणीला पाठवलेल्या पत्रात तिने खरं काय ते सांगून टाकलं: ज्यो लेखिका म्हणून अविवाहितच राहायला हवी होती, पण सरळ नाही म्हणायचं धाडस झालं नाही, म्हणून मुद्दाम खोडसाळपणे एक गमतीशीर स्थळ शोधून दिलं.

म्हणजे माझ्या आईला आणि मावश्यांना जे खटकलं, ते लेखिकेने खटकावं म्हणूनच लिहिलं होतं. हे कळायला आम्हाला काही दशकं लागली.

आधीच्या चित्रपटांनी या भानगडीकडे बघितलंच नाही म्हणा ना. १९३३ चा जॉर्ज क्यूकरचा, कॅथरिन हेपबर्नची ज्यो असलेला. त्याच्या पटकथेला ऑस्करही मिळालं. मग १९४९ चा मर्व्हिन लरॉयचा, त्यात एलिझाबेथ टेलर एमी होती आणि मार्गारेट ओब्रायन बेथ. लहानग्या ओब्रायनसाठी बेथला एमीपेक्षाही धाकटी करून टाकलं होतं. मग १९९४ चा जिलियन आर्मस्ट्राँगचा, विनोना रायडरची ज्यो, पटकथा रॉबिन स्विकॉर्डची. हा शेवटचा मला अजूनही आवडतो. पण तिन्ही नाताळपासून सुरू होतात आणि सरळ रेषेत चालत राहतात. परिणाम व्हायचा तोच होतो. बालपण ऐसपैस मांडून बसतं आणि मोठेपणाच्या वाट्याला उरलेली रिळं येतात. प्रोफेसर भेअर येतो तेव्हा प्रेक्षक मनाने बेथच्या खाटेपाशी असतो. आईच्या प्रतीतली ती कोरी पानं तिन्ही चित्रपटांतही जवळपास कोरीच राहतात.

गर्विगने सुरुवात केली ती दुसऱ्या भागाच्या आतून.

पहिलंच दृश्य. न्यूयॉर्क, १८६८. एका वृत्तपत्राच्या कचेरीचं दार, आणि त्याच्यासमोर पाठमोरी उभी ज्यो. ती क्षणभर थांबते, मान खाली घालून श्वास घेते आणि आत शिरते. बोटांना शाई लागलेली. संपादक डॅशवूडला ती सांगते की कथा एका मैत्रिणीची आहे. तो वाचतो, पानंच्या पानं काट मारतो, वीस डॉलर देतो आणि जाता जाता सल्ला देतो: नायिका मुलगी असेल तर शेवटी तिचं लग्न लावून द्यायचं, नाहीतर तिला मारून टाकायचं. दोन्हीतलं काहीही चालेल. ज्यो बाहेर पडते आणि स्कर्ट सावरत भर रस्त्यातून पळत सुटते.

दृश्य फार तर चार मिनिटांचं असेल. त्यात पुढच्या सव्वादोन तासांचा सगळा झगडा मांडून झालेला असतो. कादंबरीत डॅशवूड किरकोळ आहे, सनसनाटी कथा विकत घेणारा एक माणूस. गर्विगने त्याच्या अंगावर वास्तवातल्या नाइल्सचा कोट चढवला आणि प्रश्नच बदलला. ‘ज्यो कोणाशी लग्न करणार’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘ज्योच्या गोष्टीचा शेवट कोण ठरवणार’ हा पुढे आला.

यानंतर चित्रपट दोन काळांत हिंदकळत राहतो: १८६८ आणि त्याच्या सात वर्षं आधीचा. पटकथेत भूतकाळातली दृश्यं लाल अक्षरांत लिहिलेली आहेत, आणि चौघी एकाच वेळी बोलतात तिथे कोणाच्या वाक्यात कोणी कुठे घुसायचं याच्या तिरप्या रेघा मारलेल्या आहेत. पडद्यावर तो गोंगाट सहज वाटतो. मेहनत अशा ठिकाणी दडलेली असते.

मी आईला घेऊन गेले होते. मध्यंतरापर्यंत ती माझा दंड धरून विचारत होती, “आता हे आधीचं की नंतरचं?” मागच्या रांगेतल्या दोघीतिघींचंही तेच चाललं होतं. कथानक पाठ असलेल्या माणसाचा हा गोंधळ, तर नवख्याचं काय झालं असेल! काळ बदलल्याची पाटी सुरुवातीला एकदा येते, नंतर नाही. सगळ्या भूमिका दोन्ही काळांत त्याच नटांनी केल्या आहेत. पॉपकॉर्न घेऊन आम्ही परत येऊन बसलो आणि दहाएक मिनिटांत आईच म्हणाली, “कळलं. पिवळा उजेड असला की लहानपण, निळसर असला की आत्ताचं.”

बरोबर ओळखलं तिने. छायाचित्रकार योरिक ल सो यांनी ३५ मिमी फिल्मवर हे सगळं टिपलंय. बालपणाची दृश्यं मेणबत्तीच्या, शेकोटीच्या, उतरत्या उन्हाच्या रंगात. मोठेपणाची हिवाळी सकाळीसारखी थंड. कॅमेरासुद्धा पहिल्या काळात मुलींबरोबर धावतो, दुसऱ्यात बराचसा थबकून असतो. हा पिवळा उजेड लक्षात ठेवा. शेवटी त्याची गरज लागणार आहे.

काळ कापून जोडल्याने काय साधलं, ते एका जिन्यावर बघता येतं. बेथला पहिल्यांदा लाल ज्वर येतो ते कादंबरीतलं १८ वं प्रकरण. तिचा मृत्यू ४० व्या प्रकरणात. मधे बरीच वर्षं आणि दोनेकशे पानं. चित्रपटात ही दोन आजारपणं शेजारी शेजारी ठेवली आहेत. पिवळ्या उजेडात ज्यो खाटेपाशी बसल्या बसल्या डोळा लागून जागी होते, अंथरूण रिकामं, ती धडधड जिना उतरते आणि बेथ खाली आईबरोबर टेबलाशी बसलेली असते, अशक्त पण हसरी. थोड्याच वेळाने निळसर उजेडात ज्यो तशीच जागी होते. अंथरूण तसंच रिकामं. तोच जिना, पण आता पाऊल पुढे पडत नाही. खाली टेबलाशी आई एकटीच पाठमोरी बसलेली. ती वळून बघते. संवाद एकही नाही.

अल्कॉटने बेथचा मृत्यू संयमाने लिहिला आहे, पण त्याच्यावर त्या काळच्या धर्मभावनेची मऊ दुलई आहे. शोकाची ही रीत, म्हणजे काल जिथे जीव वाचला तिथेच आज जिना उतरायची भीती वाटणं, ही कादंबरीत नाही. तिच्यातल्याच दोन दृश्यांना एकमेकांसमोर बसवून ती मिळाली आहे. शब्द एकही वाढवलेला नाही, आणि मूळ पुस्तकाशी इमान राखण्याचा याहून चांगला नमुना मला चटकन आठवत नाही. आई इथे रडली नाही. तिने फक्त माझ्या दंडावरचा हात काढून घेतला.

दुसरा फायदा एमीला झाला. सरळ रेषेत गोष्ट सांगितली की एमी म्हणजे ज्योचं हस्तलिखित जाळणारी कारटी, आणि पुढे लॉरीला पळवणारी. प्रेक्षक तिला माफ करत नाही. गर्विग तिला पहिल्यांदा दाखवते तीच पॅरिसमध्ये, मोठी झालेली, आपल्यात थोर चित्रकाराची ताकद नाही हे कळून चुकलेली. हस्तलिखित जळतं ते नंतर. तोवर आपण तिच्या बाजूने थोडे झुकलेले असतो. फ्लोरेन्स प्यूने हे उत्तम पेललं, पण ती विशीत असताना तिला बारा-तेरा वर्षांची म्हणून शाळेच्या बाकावर बसवलंय, ते काही पचत नाही. १९९४ मध्ये एमीसाठी दोन नट्या घेतल्या होत्या; त्या बाबतीत तो चित्रपट शहाणा.

पॅरिसच्या स्टुडिओत एमी लॉरीला सुनावते ते स्वगत खूप गाजलं. लग्न हा बाईसाठी आर्थिक व्यवहार आहे, माझ्याकडे पैसा असता तरी लग्न होताक्षणी तो नवऱ्याचा झाला असता, मुलंही त्याचीच झाली असती. ही कल्पना मार्च आत्याची भूमिका करणाऱ्या मेरिल स्ट्रीपने सुचवली होती. प्यू हे अॅप्रन सोडता सोडता, जराही आवाज न चढवता बोलते आणि म्हणूनच ते लागतं. पण एक खडा काढून ठेवते. मार्च कुटुंब मॅसॅच्युसेट्सचं, आणि त्या राज्याने १८५५ मध्येच कायदा करून विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता आणि कमाई राखण्याचा हक्क दिला होता. मुलांबद्दल एमी म्हणते ते खरं, पैशांबद्दलचं पुरतं खरं नाही. प्रेक्षागृहात हे कोणाला आठवणार नाही हे मान्य. तरी ऐतिहासिक भाषण लिहायचं तर आधी त्या राज्याचा कायदा उघडून बघावा.

ज्योचं माळ्यावरचं बोलणं याच्या उलट पद्धतीने आलंय. बायकांना हृदयाबरोबर बुद्धी असते, आत्मा असतो, महत्त्वाकांक्षा असते, प्रेम करण्यापुरतीच बाई असते हे ऐकून मी विटले आहे, अशा आशयाचा हा भाग अल्कॉटच्याच ‘रोझ इन ब्लूम’ या दुसऱ्या कादंबरीतून उचललेला आहे. त्याच्या टोकाला गर्विगने स्वतःचं एक छोटं वाक्य जोडलं: पण मी फार एकटी आहे. ज्यो झालेली सर्शा रोनन ते म्हणते तेव्हा वरचं सगळं भाषण ओलं होऊन जातं. लेखिकेच्या एका पुस्तकातलं दुसऱ्यात आणायचं, आणि मग त्याला प्रश्न विचारेल असं एकच वाक्य आपल्या पदरचं घालायचं. रूपांतरकाराला यापलीकडे जागा घ्यायची फारशी गरज नसते.

त्याच ओघात ज्यो लॉरीला पत्र लिहून टपालपेटीत टाकते आणि तो एमीशी लग्न करून परत आल्यावर काढून फाडते. कादंबरीत पत्र नाही. पण आईपाशी ज्योने दिलेली कबुली आहे, की त्याने पुन्हा विचारलं तर हो म्हणेन, प्रेम वाढलंय म्हणून नाही, आता कोणीतरी आपल्यावर प्रेम करावं असं वाटतं म्हणून. मनातली गोष्ट कॅमेऱ्याला दिसत नाही. पेटीत पडलेलं पत्र दिसतं.

आता किंमत. मेगचा बळी गेला आहे. कादंबरीत तिच्या संसाराची प्रकरणं फार मिश्किल आहेत. न गोठणारी जेली आणि नेमका त्याच दिवशी नवऱ्याने जेवायला आणलेला मित्र हा प्रसंग तर कुठल्याही मराठी घरात घडावा असा. चित्रपटात उरतं ते पन्नास डॉलरच्या रेशमाचं प्रकरण, तेवढंच. बेथही जिना सोडला तर पुसट आहे. मुलींनी आपापलं ओझं ओळखून चांगलं वागायला शिकणं हा पहिल्या भागाचा नैतिक सांगाडा जवळपास काढून टाकला आहे. आजच्या प्रेक्षकाला त्याचं काही वाटत नाही, पण त्यामुळे मार्मीचे, म्हणजे मुलींच्या आईचे, उपदेश अधांतरी लटकतात.

आणि भेअर. पुस्तकातला चाळिशीकडे झुकलेला, जाडसर, विस्कटलेल्या दाढीचा जर्मन माणूस इथे लुई गरेल झाला आहे, म्हणजे कोणीही दुसऱ्यांदा वळून बघेल असा देखणा फ्रेंच नट. अल्कॉटची थट्टा अशीच होती की वाचक मुलींना राजपुत्र हवा होता आणि तिने त्यांच्या हाती छत्री घेतलेला गबाळा मास्तर दिला. देखणा भेअर घेतल्यावर ती थट्टा उरत नाही. गर्विगने बहुधा जाणूनबुजून केलं, कारण तिला वेगळी थट्टा करायची होती.

तिकडेच येते. भेअर मार्च कुटुंबाला भेटून निघून जातो, घरचे सगळे ज्योच्या मागे लागतात, बग्गी जुंपली जाते, पाऊस कोसळतो, ज्यो स्टेशनच्या दिशेने धावते. पार्श्वसंगीत फुलून येतं. अगदी हिंदी सिनेमाला शोभेल असा शेवट. आणि छत्रीखाली दोघं समोरासमोर येणार इतक्यात संकलक निक हौई आपल्याला उचलून डॅशवूडच्या कचेरीत नेऊन ठेवतो. टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ज्यो, मध्ये तिच्या कादंबरीचं हस्तलिखित. तो विचारतो, नायिकेने शेजाऱ्याशी लग्न का नाही केलं? ती म्हणते, तो तिच्या बहिणीचा नवरा झालाय. मग तिने कोणाशी केलं? कोणाशीच नाही. हे चालणार नाही, तो म्हणतो. ठीक आहे, ज्यो म्हणते, नायिकेला पैशासाठी लग्नात विकायचंच असेल तर त्यातला वाटा मलाही हवा.

मग घासाघीस. तो पाच टक्क्यांवर अडतो, ती दहा मागते, तो इंचाइंचाने सरकतो. सौदा ६.६ वर ठरतो. हा आकडा हवेतून आलेला नाही; अल्कॉटला नाइल्सकडून मिळालेली रॉयल्टी ६.६६ टक्के होती. मग कॉपीराइटचा विषय निघतो आणि ज्यो सांगते, पुस्तक माझ्याच मालकीचं राहील. अल्कॉटनेही तेच केलं होतं, आणि तेही नाइल्सच्याच सल्ल्याने. त्या हक्कावर तिचं घर उभं राहिलं, धाकटी बहीण मे हिला चित्रकला शिकायला युरोपात पाठवता आलं. वास्तवातला प्रकाशक पडद्यावरच्यापेक्षा बराच भला होता, एवढं त्याच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं.

सौदा झाल्यावर छत्रीखालचं चुंबन पूर्ण होतं. पुढे ज्योची प्लमफिल्डची शाळा, बागेत मुलं, बहिणी, केक, भेअर शिकवतोय, सगळं आनंदीआनंद. आणि त्याला छेद देत छापखाना: खिळे जुळवले जातायत, फर्मे घडी घालून शिवले जातायत, लाल कातडी पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उमटतायत. काचेपलीकडे उभी राहून ज्यो आपलं पुस्तक तयार होताना बघते. चेहऱ्यावर ना हसू ना रडू. शेवटी ते हातात घेते आणि छातीशी धरते.

आई इथे माझ्याकडे वाकली. “हा बागेतला उजेड परत पिवळा झाला बघ,” ती म्हणाली. “म्हणजे हे खरं झालंच नाही की काय? हे तिने पुस्तकात लिहिलंय?”

मागच्या रांगेतून कोणीतरी शुक् केलं. मी नुसती मान हलवली. माझ्या मते तसंच आहे, पण गर्विगने ते ठासून सांगितलेलं नाही. ज्याला लग्न हवं त्याला लग्न घेऊन घरी जाता येतं. अल्कॉटनेही १८६९ मध्ये आपल्या वाचक मुलींशी हेच केलं होतं, एवढंच की तिला छापखान्याचं दृश्य पुस्तकात घालता येत नव्हतं.

घरी पोचल्यावर आईने कपाटातून ‘चौघीजणी’ काढली. दोरीने बांधलेली ती प्रत सोडली आणि शेवटाकडून उघडली. छत्रीच्या प्रकरणाची दोन पानं वरच्या कडेला जोडलेलीच होती, कधी कापलीच नव्हती. तिने स्वयंपाकघरातून सुरी आणली.